आधी पाळ, मग पुतळे

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठात तुमच्यापैकी कोणी जाऊन आले असेल. या जुन्या मठाच्या आवारात सिमेंटचे गाव वसले आहे. नांगरणारा शेतकरी, चाकावरचा कुंभार, दाढी करणारा न्हावी. माणूस आता बोलेल असे वाटते. चंडीगडला नेकचंद या रस्ते निरीक्षकाने तर फुटक्या बांगड्या, कपबश्या जोडून माणसे-जनावरांची फौजच उभी केली. ती बाग १९७६ साली लोकांना खुली झाली.

आपल्याकडे असे का होऊ नये? जरूर व्हावे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, पण मालगुजारांचे काही वाडे आणि मामा तलाव मागे राहिले. सौंदड तर मुंबई-कोलकाता महामार्गावरचे गाव. नवेगावबांधला जाणारी माणसे याच भागातून जातात. ती घटकाभर थांबली तर चहावाल्याचे भले होईल.

पण सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो, दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, पुतळे आपले असू द्या. प्लास्टिकचा जिराफ आणि बदकाच्या तोंडाची कचरापेटी कुठेही मिळते. मोडकी बंडी, वखर, दतारी, दंडारीचा सोंगाड्या, रोवणीला वाकलेली बाई हे झाडीपट्टीबाहेर कोण दाखवणार? गावचा लोहार-सुतार हाताशी घ्या. लाकडी वस्तू उघड्यावर ठेवाल तर पावसाने आणि उधळीने दोन वर्षांत मातीत जातील. वर छप्पर घाला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पुतळ्याचा पाया तलावाच्या पाळीत खणू नका. खणलेली पाळ झिरपते, आणि फुटली तर खालच्या बांध्यांतले धान घेऊन जाते. तलावाच्या पोटात भराव टाकून बाग केली, तर तेवढे पाणी कमी झाले म्हणून समजा. सांडव्याची वाटही मोकळी राहिली पाहिजे. जागा वाड्याच्या आवारात किंवा कोरड्या पडीत घ्या. सातबारा आधी पाहा, वाडा खासगी असेल तर मालकाची लेखी संमती घ्या, ग्रामसभेत ठराव करा. रंगरंगोटीचा वर्षाचा खर्च कोण करणार, तेही त्याच ठरावात लिहा.

तलावात गाळ भरलेला आणि पाळीवर रंगीत बैल उभा, हे बघून पाहुणा फोटो काढील. पण शेवटच्या पाण्यावाचून ज्याचे धान वाळले, तो शेतकरी त्या बैलाकडे बघून काय म्हणेल, ते छापण्यासारखे नसेल.