विकतची पीएचडी नाकारा

आपल्याकडे परदेशी विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं की हारतुरे सुरू होतात. शादीखाना, नगरसेवक, शाल, मोमेंटो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. पत्रात पैशांबद्दल काय लिहिलंय, हे स्टेजवरचा एकही माणूस विचारत नाही. हिंगोली, वसमत, कळमनुरीत असे सत्कार मी बरेच पाहिले. त्यातली काही मुलं विमानात बसलीच नाहीत. काही बसली, पण घरचं रान विकून बसली.

माझं म्हणणं सरळ आहे. पीएचडीचा प्रवेश आणि पीएचडीचा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैशाशिवाय आलेला प्रवेश नाकारायला आपण शिकलं पाहिजे. अर्थशास्त्रात तर नक्कीच, कारण या विषयात चांगली विद्यापीठं पीएचडी करणाऱ्याला पैसे देतात, त्याच्याकडून घेत नाहीत.

लिहायला निमित्त झालं एका विद्यार्थिनीचं. वसमतची मुलगी. वडील मोंढ्यात हळदीची पोती उचलतात, दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. तिच्या हातात तीन कागद होते. पहिला आपल्याच भागातल्या एका विद्यापीठाचा : नोंदणी झाली, गाइड मिळाले, विद्यावेतन शून्य. दुसरा ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचा : प्रवेश पक्का, फी वर्षाला वीस हजार पौंडांच्या वर, शिष्यवृत्ती नाही. तिसरा अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठाचा : फी माफ, पाच वर्षं असिस्टंटशिप, वर्षाला चोवीस हजार डॉलर, बदल्यात पदवीच्या मुलांना शिकवायचं.

घरात मतदान झालं आणि ब्रिटन जिंकलं. त्या शहराचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं होतं. अमेरिकेतल्या गावाचं नाव कुणाला नीट उच्चारताही येईना. चाचा म्हणाले, "फुकट देतायत म्हणजे काहीतरी खोट असणार." तिचे अब्बा सातबारा घेऊन माझ्याकडे आले. जमिनीला गिऱ्हाईक तयार होतं.

वीस हजार पौंड म्हणजे बावीस लाखांच्या वर. एका वर्षाचे. वर राहणं-खाणं. तीन-चार वर्षांचा हिशेब केला तर ती दोन एकर पहिल्या वर्षातच संपतात. पुढच्या वर्षांचा पैसा कुठून आणणार, याचं उत्तर मतदान करणाऱ्यांपैकी एकाकडेही नव्हतं.

या प्रश्नाला महाराष्ट्रात मोठा दाखला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. १९१६ मध्ये त्यांना लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश मिळाला. बुद्धी तीच, प्रवेशही हातात, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पै-पैची बचत, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या पारशी मित्राचं कर्ज. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ त्या अभ्यासातून आला. मधली तीन वर्षं प्रवेश नव्हता म्हणून गेली नाहीत. पैसा नव्हता म्हणून गेली. बाबासाहेबांच्या बुद्धीच्या माणसालाही जे टळलं नाही, ते आपल्या पोरीला दोन एकरांवर टळेल असं मानणारे लोक तिचे हितचिंतक कसे?

आता पहिल्या कागदाकडे येतो. आपल्या विद्यापीठांतली पीएचडी स्वस्त आहे, असं सगळे म्हणतात. फी कमी आहे, हे खरं. पण पाच-सहा वर्षं खायचं काय? जेआरएफ असेल तर २०२३ पासून महिना ३७ हजार मिळतात. नसेल तर तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि रात्री थिसिस लिहायचा. सच्चर समितीच्या अहवालानंतर २००९ मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप आली. आपल्या मुलांबरोबर बौद्ध, ख्रिस्ती, शीख, जैन, पारशी मुलांनाही तिचा आधार होता. ८ डिसेंबर २०२२ रोजी तत्कालीन मंत्री स्मृती इराणी यांनी लोकसभेत सांगितलं, की इतर योजनांशी ती एकमेकांवर येते, म्हणून २०२२-२३ पासून बंद. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज सवलत देणारी 'पढो परदेश' योजनाही त्याच सुमारास बंद झाली. एका विद्यार्थ्याला एकावेळी एकच फेलोशिप घेता येते. मग एकमेकांवर काय आलं? एक दरवाजा उघडा आहे म्हणून दुसरा भिंत घालून बुजवायचा, याला काटकसर म्हणत नाहीत.

राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' या संस्थेला मंजुरी दिली. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर. तिच्याकडे आपण मागायची पहिली गोष्ट फेलोशिप असली पाहिजे, इमारत नंतर. आणि जे मुस्लिम ओबीसीत मोडतात त्यांनी महाज्योतीचा अर्ज सोडू नये. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींसाठी एवढी वर्षं चळवळ चालवली, आणि आपली मुलं जातीचा दाखला काढायला लाजतात!

पण सरकारला बोलून झालं की स्वतःकडेही बघावं लागतं. परदेशातली पीएचडी म्हणजे पन्नास लाख, हा आकडा आपल्या डोक्यात कुणी घातला? एजंटांनी. त्यांचं पोट एमएस-एमबीएच्या फीवर चालतं. अमेरिकेत अर्थशास्त्राच्या पीएचडीला बी.ए., बी.एस्सी.नंतरही थेट अर्ज करता येतो. खरा खर्च येतो अर्ज करण्याचा. जीआरईची फी बावीस हजारांच्या आसपास, टोफेल सतराएक हजार, दहा विद्यापीठांच्या अर्जांचे प्रत्येकी ७५ ते १२५ डॉलर. सगळं मिळून सव्वा ते दीड लाख. हमालाच्या घरात ही रक्कम नसते आणि बँक तिला कर्ज देत नाही. हुशार पोरं इथेच अडतात, पन्नास लाखांपर्यंत त्यांची गोष्ट पोहोचतच नाही.

दीड लाखात आपल्याकडे वलीम्याची एक पंगतसुद्धा उठत नाही. गरजू विद्यार्थी जकातीचा हकदार असतो, हे मशिदीच्या कमिटीला मी नव्याने सांगायला नको. दर वर्षी तालुक्यातून दोन मुलांचा अर्जाचा खर्च कौमने उचलावा. डिग्रीचा खर्च उचलू नये. डिग्रीचा खर्च ज्या विद्यापीठाला मुलगा हवा आहे ते उचलेल, आणि कुणीच उचलत नसेल तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा.

दुसरी अडचण गणिताची. आमच्या कॉलेजांतलं बी.ए.चं अर्थशास्त्र गाइडमधून पाठ होतं. प्रवेश समिती मात्र कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, रिअल अॅनालिसिस शोधते. म्हणून मी बी.एस्सी. गणिताच्या मुलांना सांगतो, तुम्ही अर्थशास्त्राकडे वळा. 'स्वयम्'वर हे विषय फुकट शिकता येतात. तिसरी अडचण शिफारसपत्रांची. तीन लागतात. आमचे प्राध्यापक लिहितात, "विद्यार्थिनी सुस्वभावी असून नियमित हजर असते." या वाक्यावर जगातलं कुठलंही विद्यापीठ एक डॉलर देणार नाही.

तिसऱ्या कागदात चाचांना दिसली तशी खोट नव्हती, पण विचारण्यासारखं बरंच होतं. चोवीस हजार नऊ महिन्यांचे की बारा? फी माफ म्हणजे सगळी, की इतर शुल्कं वेगळी? आरोग्य विमा कोण भरतं? पाच वर्षांची हमी पहिल्या वर्षानंतरच्या परीक्षेवर अवलंबून आहे का? नापास झालं तर एम.ए. देऊन घरी पाठवतात का? त्या गावात खोलीचं भाडं किती? लहान गावातले चोवीस हजार न्यूयॉर्कच्या पस्तीस हजारांना भारी पडू शकतात. गेल्या पाच वर्षांत तिथून पीएचडी झालेले कुठे लागले, ही यादी विभाग बहुधा स्वतःच छापतो. शेवटी, तिथे आज शिकणाऱ्या दोन मुलांना ईमेल करायचा. घाई करायची नाही. पैशांसह आलेल्या प्रस्तावांना १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची मुभा तिथल्या बहुतेक विद्यापीठांनी मान्य केलेली आहे.

मुलगी एकटी कशी जाणार, हा प्रश्न आलाच. ब्रिटनला जाताना तो आला नव्हता, याची मी घरात आठवण करून दिली. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. २०२५ मध्ये अमेरिकेत अनेक विभागांनी जागा कापल्या, व्हिसाच्या मुलाखती काही काळ थांबल्या. म्हणून सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत. जर्मनी, नेदरलँड्समध्ये पीएचडी बहुधा पगारी नोकरीच असते. मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये काढलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, तिथेही फेलोशिप मिळते. गोरेगावचा पगारी कागद ब्रिटनच्या बिनपगारी कागदापेक्षा मी कधीही वर ठेवीन.

आणि अर्थशास्त्रच का, असं विचारणाऱ्यांसाठी : आपल्या हालाखीचे आकडे देशापुढे मांडणाऱ्या सच्चर समितीचे सदस्य-सचिव अबुसालेह शरीफ अर्थतज्ज्ञ होते. झाकिर हुसेन यांनी १९२६ मध्ये बर्लिनहून डॉक्टरेट घेतली ती अर्थशास्त्रातच. वायद्यात हळद वर-खाली होते तेव्हा वसमतच्या हमालाच्या मजुरीचं काय होतं, हा प्रश्न हमालाच्या मुलीला पडतो, दिल्लीत बसलेल्याला सहसा पडत नाही.

अमेरिकेतल्या विद्यापीठांचे पुढचे अर्ज डिसेंबरात भरायचे आहेत. त्यासाठी जीआरई सप्टेंबर-ऑक्टोबरात द्यावी लागेल. म्हणजे कमिटीने दीड लाखाचा निर्णय पावसाळ्यातच घ्यायला हवा. शाल नंतर आणली तरी चालेल.