पानं उघडल्यावर सगळेच शहाणे

"तोंड उघडायची काय गरज होती तुला? त्यांचे तीन बदाम बुडत होते की!"

माझे भिडू, वयाने आणि अनुभवाने ज्येष्ठ असलेले एक काका, हे बोलले तेव्हा डाव संपला होता आणि बावन्नच्या बावन्न पानं सगळ्यांना ठाऊक होती. मी बोली दिली तेव्हा मला त्यातली फक्त तेरा दिसत होती. ब्रिजच्या टेबलावरची बरीच भांडणं या बावन्न आणि तेराच्या फरकातून जन्मतात, आणि त्यात जवळजवळ नेहमी बावन्नवाला जिंकतो. हे बंद व्हायला हवं.

डाव असा होता. उजवीकडच्याने एक बदाम म्हटलं. माझ्याकडे सहा इस्पिक, म्हणून मी एक इस्पिक. डावीकडून दोन बदाम, काकांचे दोन इस्पिक, उजवीकडून तीन बदाम. आता मी काय करू? पास, की तीन इस्पिक? 'जजमेंट' खेळला असाल तर ही धाकधूक ओळखीची असेल. फक्त इथे तीनची बोली म्हणजे सहा अधिक तीन, तेरापैकी नऊ हात करायची हमी.

अशा वेळी नवखा माणूस पॉइंट मोजतो. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. पण दोन्ही बाजूंची ताकद साधारण सारखी असते, तेव्हा त्या बेरजेतून फारसं काही कळत नाही. मोजायचा असतो हुकूम. झाँ-रेने व्हर्न या फ्रेंच माणसाने एक नियम मांडला. आपल्या दोघांकडे आपला हुकूम किती आणि त्यांच्या दोघांकडे त्यांचा किती, याची बेरीज करा. आपण आपल्या हुकमात आणि ते त्यांच्या हुकमात जितके हात करू शकतील, त्यांची बेरीज साधारण तेवढीच येते. लॅरी कोहेनच्या १९९२ च्या पुस्तकाने हा नियम जगभर नेला.

माझे सहा इस्पिक, काकांचे किमान तीन, म्हणजे नऊ. बदाम माझ्याकडे दोनच, त्यामुळे त्यांच्याकडे बहुधा आठ. एकूण सतरा. त्यांचे नऊ हात होणार असतील तर आमचे आठ. पास केलं तर १४० जातात, तीन इस्पिक म्हटलं तर फक्त ५०. उलट त्यांचे आठच होणार असतील तर आमचे नऊ. पास केलं तर ५० मिळतात, बोललो तर १४०. दोन्हीकडे ९० चा फायदा. आम्ही व्हल्नरेबल नव्हतो, म्हणजे डबल मारून एक हात बुडवला तरी १०० च. मी तीन इस्पिक म्हटलं.

आठ हात झाले. ५० गेले. आणि त्यांचेही आठच होत होते, कारण बदामाची राणी आणि गुलाम काकांकडे होते. इस्पिकात आम्हाला निरुपयोगी, बदामात त्यांना आडवे. एकूण सतराऐवजी सोळा. नियम एका हाताने चुकला आणि माझं १०० चं नुकसान झालं.

नियम चुकतो, हे मान्यच. माइक लॉरेन्स आणि आंदेर्स विर्ग्रेन यांनी तर २००४ मध्ये त्याच्याविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. ती राणी आणि तो गुलाम माझ्या हातात असते आणि तरी मी बोली दिली असती, तर मला खुशाल झापा. इस्पिक पाचच असताना दिली असती तरी झापा. कारण ती चूक माझ्या तेरा पानांत मला दिसायला हवी होती. काकांच्या हातातली राणी मला कशी दिसणार?

आता मोबाइलवर खेळताना डाव संपला की चौघांची पानं समोर येतात. कुठल्या हुकमात किती हात होत होते, हेही संगणक सांगतो. शिकायला उत्तम सोय आहे. पण तो हिशोब चारही बाजू बघून केलेला असतो. तो दाखवून "तुझी बोली चुकली" म्हणणं म्हणजे काल पाऊस पडला नाही म्हणून छत्री नेणाऱ्याला मूर्ख ठरवणं.

याची किंमत सगळ्यात जास्त नवा खेळाडू मोजतो. बोली देऊन ५० घालवले की सगळं टेबल बोलतं. गप्प बसून १४० घालवले तर कुणी चकार शब्द काढत नाही, "त्यांचं झालं, काय करणार!" दोनदा झापलेला पोरगा तिसऱ्यांदा निमूट पास म्हणतो. मग तो पासच म्हणत राहतो. आणि मग एक दिवस येतच नाही. त्यानंतर हीच मंडळी हळहळतात, हल्लीच्या मुलांना ब्रिज नको असतं म्हणून.

मुलांना ब्रिज हवं असतं, काका. डाव संपल्यावर "का बोललास?" असं खेकसण्याआधी एकदा विचारून बघा, "तेव्हा तुला काय दिसत होतं?" उत्तर चुकीचं असेल तर जरूर शिकवा. बरोबर असेल तर ५० लिहा आणि पुढची पानं वाटा.