‘विचार करावा’ म्हणजे काय?

युक्रेनमध्ये अडकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांची गोष्ट निघाली, की ‘वकिलातीने आधीच सांगितले होते, पोरांनीच ऐकले नाही’ असा निवाडा देऊन मोकळे होणारे सद्गृहस्थ हिंजवडीसारख्या सुशिक्षित वस्तीत आजही पुष्कळ भेटतात. हा निवाडा अन्यायाचा आहे. तो देणाऱ्यांनी वकिलातीची पत्रके बहुधा वाचलेली नसतात.

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी कीव्ह येथील आपल्या वकिलातीने कळविले, की ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही अशांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते देश सोडण्याचा विचार करावा. विचार करावा! हजेरी चुकली तर वर्ष बुडेल या धास्तीत असलेल्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आपले राहणे ‘अत्यावश्यक’ आहे की नाही, हे ठरवावयाचे कशाच्या आधारावर? सैन्यांच्या हालचालींची बातमी वकिलातीपाशी. निर्णय मात्र वीस वर्षांच्या मुलाने आणि कर्ज काढून फी भरणाऱ्या त्याच्या बापाने घ्यावयाचा! २० तारखेच्या पत्रकात सर्वच विद्यार्थ्यांना निघण्याचा सल्ला आला. विद्यापीठाच्या उत्तराची वाट पाहू नका, हे सांगावयास २२ तारीख उजाडली. २४ तारखेस युद्ध पेटले, आकाशमार्ग बंद झाला, आणि विद्यार्थ्यांना आणावयास निघालेले एअर इंडियाचे विमान वाटेतूनच परतले. एवढ्या अवधीत हजारो मुलांनी तिकिटे कोठून मिळवावयाची होती?

स्पष्ट सांगितले असते तर घबराट उडाली असती, आणि भाकीत खोटे ठरले असते तर नाचक्की झाली असती, असा एक बचाव करण्यात येतो. त्यावर हिंजवडीकरांनीच २००२ साल आठवावे. भारत व पाकिस्तान यांची सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी असता ३१ मे रोजी अमेरिकेने आपल्या सुमारे साठ हजार नागरिकांना भारत सोडण्याचा आग्रहाचा सल्ला दिला. युद्ध झाले नाही. त्या सल्ल्याचा जाच आपल्या संगणक-व्यवसायास झाला, त्याचा रागही आला, आणि तो गैर होता असे आम्ही म्हणत नाही. पण चुकण्याची नामुष्की त्या सरकारने स्वतःच्या अंगावर घेतली होती. २०२२ मध्येही त्याने आपल्या लोकांना ११ फेब्रुवारीसच सांगितले, की ४८ तासांत युक्रेनबाहेर पडा.

आमच्या वकिलातीस रोखठोक भाषा येत नाही, असेही नव्हे. २ मार्चला खार्किव्हमधील विद्यार्थ्यांना हुकूमच निघाला: संध्याकाळी सहाच्या आत पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदोव्हका गाठा, वाहन नसेल तर पायी. ही ठिकाणे ११ ते १६ किलोमीटर दूर. आदल्याच दिवशी त्या शहरात कर्नाटकातील एक विद्यार्थी तोफमाऱ्यात मारला गेला होता.

पुढे ‘ऑपरेशन गंगा’ने सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आणले, २६ फेब्रुवारीस पहिले विमान २१९ जणांना घेऊन मुंबईस उतरले, याचे श्रेय कोण नाकारतो? परंतु सुटका थोर होती म्हणून सूचना नीट होती असे ठरत नाही. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात दंगल माजली तेव्हा ढाक्याच्या आपल्या उच्चायोगाने प्रवास टाळा, घराबाहेर पडणे कमीत कमी ठेवा, असे साध्या शब्दांत बजावले. पुढे विद्यार्थी सीमेकडे निघाले तेव्हा जरूर तेथे संरक्षणाची व्यवस्थाही केली, आणि ६,७०० हून अधिक विद्यार्थी परतले. मग कीव्हमध्येच मोघमपणा का? हजेरीविषयी विद्यापीठाशी कोण बोलणार, चढलेले भाडे कोण भरणार, आणि ‘अत्यावश्यक’ म्हणजे नेमके कोण, हे वकिलातीने पहिल्याच पत्रकात लिहावयास हवे होते.