रशियाच्या युद्धपटावर वळिवडे कुठे?

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हापासून युद्धाचे नकाशे मराठी वाचकाच्या रोजच्या परिचयाचे झाले आहेत. रंगवलेला व्याप्त प्रदेश, नद्यांच्या रेषा आणि पुढे सरकणारे बाण. हे नकाशे सर्वांत आधी ओळखीचे वाटले असतील ते पटावरील युद्धखेळांच्या शौकिनांना. कारण असेच नकाशे गेली साठ वर्षे पुठ्ठ्यावर छापून विकले जात आहेत आणि त्यांतील मोठा हिस्सा रशियन भूमीवरील युद्धांचा आहे.

अमेरिकेतील ॲव्हलॉन हिल या कंपनीने १९६३ मध्ये ‘स्टालिनग्राड’ हा खेळ बाजारात आणला. ऑस्ट्रेलियाच्या जॉन एडवर्ड्स यांचा ‘द रशियन कॅम्पेन’ १९७४ मध्ये आला आणि दोन वर्षांनी ॲव्हलॉन हिलनेही तो प्रसिद्ध केला. षटकोनी घरांचा नकाशा, त्यावर चौकोनी सोंगट्या, प्रत्येक सोंगटीवर तिचे बळ आणि चाल यांचे आकडे, आणि निकालासाठी फासे. बुद्धिबळातील घोड्याला दाणावैरण लागत नाही. इथे मात्र रसदीचा मार्ग तुटला की सोंगटी निकामी होते. चिखल, बर्फ, रेल्वेमार्ग या सर्वांचा हिशेब ठेवावा लागतो. हे खेळ क्लिष्ट आहेत, एक डाव काही दिवस चालू शकतो. तरीही वर्तमानपत्री नकाशापेक्षा ते अधिक शिकवतात, हे मान्य करावे लागेल.

मुळात हा खेळ सेनाधिकाऱ्यांचा. प्रशियाच्या सैन्याने १८२४ मध्ये तो प्रशिक्षणासाठी स्वीकारला आणि पुढे रशियासह इतर सैन्यांनीही. एप्रिल १९१४ मध्ये कीव्ह येथे रशियन सेनाधिकाऱ्यांनी, युद्धमंत्री सुखोमलिनोव्ह यांच्या देखरेखीखाली, पूर्व प्रशियावरील चढाईचा डाव मांडला. त्यात रसद व वाहतूक सुरळीत चालेल असे गृहीत धरले गेले. चारच महिन्यांनी टॅनेनबर्गच्या लढाईत सामसोनोव्ह यांचे सैन्य उपाशी आणि थकलेल्या स्थितीत वेढले गेले. सुमारे ९० हजार सैनिक कैद झाले आणि सामसोनोव्ह यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली.

१९४०च्या अखेरीस जर्मनीने रशियावरील स्वारीचा डाव मांडला, तो जनरल पाउलुस यांच्या देखरेखीखाली. सैन्य अपुरे पडेल आणि रसद ताणली जाईल, असे त्यातून स्पष्ट दिसले. पण पटाचा तो इशारा निर्णयकर्त्यांनी बाजूला ठेवला. याच पाउलुस यांनी जानेवारी १९४३ मध्ये स्टालिनग्राडमध्ये शरणागती पत्करली. मॉस्कोतही जानेवारी १९४१ मध्ये झुकोव्ह आणि पावलोव्ह हे सेनानी एकमेकांविरुद्ध दोन डाव खेळले. मात्र शत्रूचा पहिला हल्ला परतवला गेला आहे, या गृहीतापासूनच ते सुरू होत होते. प्रत्यक्षात २२ जून १९४१ रोजी निर्णायक ठरला तो नेमका हा वगळलेला पहिला आठवडाच. त्याच वर्षीच्या जुलैत पावलोव्ह यांना पराभवाबद्दल गोळ्या घालण्यात आल्या.

जे पटावर मांडलेच नाही, तेच पुढे उलटते, असे हा इतिहास पाहून म्हणावेसे वाटते. २०२२ च्या वसंतात कीव्हच्या उत्तरेला ६४ किलोमीटर लांबीचा रशियन ताफा अडकून पडला आणि एप्रिलच्या प्रारंभी रशियाने तेथून माघार घेतली. त्यामागेही अल्पावधीत विजय मिळेल हे गृहीत होते. रशियन सैन्याची रसद रेल्वेवर किती अवलंबून असते, हे कोणताही मुरलेला खेळाडू सांगू शकला असता.

परंतु पटावरून वगळलेली आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याशी कोल्हापूरचा थेट संबंध आहे. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरले. खेळात ही घटना म्हणजे नकाशाच्या पूर्व कडेने आलेल्या काही सोंगट्या. प्रत्यक्षात फेब्रुवारी १९४० पासून तीन लाखांहून अधिक पोलिश नागरिकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकण्यात आले. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर समीकरण बदलले. जुलै १९४१ मधील करारानंतर या बंदिवानांची सुटका झाली, जनरल अँडर्स यांचे पोलिश सैन्य उभे राहिले आणि १९४२ मध्ये ते इराणमार्गे बाहेर पडले. त्यांच्यामागून बायका-मुले आली आणि त्यांतील सुमारे पाच हजारांची छावणी १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे वसली. शाळा, चर्च, नाट्यगृह असलेले ते एक छोटे गावच होते.

इटलीच्या मोहिमेवरील युद्धपटांवर अँडर्स यांच्या पोलिश सैन्याच्या सोंगट्या असतात. मोंते कासिनोचा डोंगर मे १९४४ मध्ये याच सैन्याने सर केला. छावणीतील अनेकांचे वडील आणि भाऊ त्या सैन्यात होते. म्हणजे एकाच कुटुंबातील पुरुष पटावर आहेत, वळिवडेतील स्त्रिया-मुले नाहीत.

योगायोग असा, की याच सुमारास वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. कामगारवस्त्यांत तो गाजला आणि पुढे रशियन भाषेतही गेला. फॅसिझमविरुद्धच्या त्या लढ्याची थोरवी खरीच आहे. पण वाटेगावहून फार दूर नसलेल्या वळिवडेत त्याच राजवटीच्या श्रमछावण्यांतून सुटून आलेली माणसे राहत होती. या दोन आठवणी एकत्र मांडण्याचे काम मराठीत फारसे झालेले नाही, आणि ते सोपेही नाही.

पोलंडमध्ये मात्र खेळांच्या माध्यमातून असा प्रयत्न झाला. तेथील राष्ट्रीय स्मृती संस्थेने २०११ मध्ये ‘कोलेइका’ हा कम्युनिस्ट राजवटीतील रांगांवरचा खेळ काढला. रशियातील ग्राहक संरक्षण यंत्रणेच्या आक्षेपानंतर २०१६ मध्ये तो तेथील बाजारातून मागे घ्यावा लागला. पुठ्ठ्याच्या खेळाची सरकारी यंत्रणेला दखल घ्यावीशी वाटली, यातच त्याचे वजन दिसते. ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा आधी संगणकावर (२०१४) आणि नंतर पटावर (२०१७) आलेला पोलिश खेळ तर वेढ्यात सापडलेल्या नागरिकांचाच आहे. त्यात खेळाडूला सेनापती होता येत नाही. अन्न, औषध आणि ऊब शोधत रात्र काढावी लागते.

वळिवडेची छावणी १९४८ मध्ये रिकामी झाली आणि त्या जागेवर फाळणीतून आलेल्या सिंधी निर्वासितांचे गांधीनगर उभे राहिले. कापडाच्या घाऊक खरेदीसाठी आज सारा जिल्हा तेथे जातो. पोलिश छावणीची आठवण म्हणून कोल्हापुरात महावीर उद्यानात स्तंभ आहे, तर वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक. २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे आदरांजली वाहिली. त्या वेळी पोलंडमध्ये सुमारे दहा लाख युक्रेनियन निर्वासित आश्रयाला होते. युद्धाच्या प्रारंभीच १८ ते ६० वयाच्या पुरुषांना युक्रेन सोडण्यास मनाई झाल्याने, वळिवडेप्रमाणेच त्यांतही बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती.