मॅग्नमच्या प्रेमात पडण्याआधी

बीजीएमआय खेळताना एअरड्रॉप पडला की कशी पळापळ होते, हे मला सांगू नका. मीही पळालेय आणि वाटेत मेलेयसुद्धा. त्या पेटीत एडब्ल्यूएम असते, सोबत मोजक्या .३०० मॅग्नम गोळ्या असतात आणि लेव्हल थ्री हेल्मेट घातलेला गडीही एका हेडशॉटमध्ये गार होतो. त्याच गेममध्ये बिचाऱ्या कार९८केला साधी ७.६२ची गोळी. (खऱ्या कार९८केची गोळी ७.९२ची होती, पण गेमवाल्यांना एवढं माफ करू.) खेळून खेळून आपल्या डोक्यात एक समीकरण फिट्ट बसलंय, की गोळी जितकी मोठी तितकी बंदूक भारी.

हे समीकरण साफ चुकीचं आहे, असं माझं म्हणणं आहे. नुसतं चुकीचं नाही, महागातही पडतं. कुठे त्याची किंमत एखादं जनावर मोजतं, कुठे एखाद्या खेळाडूचे आईवडील.

आधी एक घोळ मिटवूया. आपण सरसकट ‘गोळी’ म्हणतो, पण बंदुकीत भरतात ते काडतूस. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. बातम्यांमध्ये ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ असं वाचतो ना, ती हीच पुंगळी. गोळी उडून जाते, पुंगळी मागे राहते. त्यामुळे दोन काडतुसांची गोळी एकाच जाडीची असली तरी पुंगळी वेगळी, दारू वेगळी आणि वागणं तर पारच वेगळं असू शकतं. .३०८ विंचेस्टर आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम यांची गोळी सारख्याच व्यासाची असते. फरक सगळा मागच्या दारूचा.

अमेरिकेत, युरोपात हौशी नेमबाज आणि शिकारी रायफल मापाने बनवून घेतात, जसं आपण लग्नाचा सूट शिवून घेतो. अॅक्शन एकाची, बॅरल दुसऱ्याची, स्टॉक खांद्याच्या मापाचा, ट्रिगर बोटाला हवा तेवढा हलका. सगळ्यात आधी ठरवावं लागतं ते काडतूस, कारण बॅरलच्या मागच्या टोकाला त्या काडतुसाच्या आकाराचं घर कोरलं जातं. एकदा कोरलं की सहज बदलता येत नाही. अॅक्शन आखूड की लांब, हेही काडतुसाच्या लांबीवर ठरतं. बॅरलच्या आत जे पीळ असतात, ते किती इंचांत एक फेरा घेणार, हे गोळीच्या लांबीवर ठरतं. लांब गोळीला घट्ट पीळ लागतो, नाहीतर ती भोवऱ्यासारखी स्थिर फिरत नाही, डगमगते. म्हणजे शहाणा माणूस आधी ठरवतो की मारायचं काय आणि किती लांबून. त्यावरून गोळी, गोळीवरून काडतूस आणि काडतुसावरून रायफल. आपण मात्र उलटे जातो. आधी ‘जबरदस्त’ नाव आवडतं, मग त्यासाठी कारणं शोधतो.

लांब पल्ल्याचं उदाहरण घ्या. .३०८ विंचेस्टर १९५२चं काडतूस, जगभर चालणारं. त्याची नेहमीची मॅच गोळी १६८ ग्रेनची. (ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याच्या आसपास.) दुसरीकडे ६.५ क्रीडमूर, २००७च्या सुमाराचं, खास टार्गेटसाठी बेतलेलं. त्याची गोळी १४० ग्रेनची, म्हणजे हलकी आणि बारीकही. दोन्ही नळीतून जवळपास सारख्याच वेगाने निघतात. आता १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, आडवा वारा ताशी १६ किलोमीटरचा धरा. अंगावर झुळूक यावी इतकाच. .३०८ची ती गोळी अडीच मीटरच्या वर बाजूला सरकते. क्रीडमूरची दोन मीटरच्या आतबाहेर. हलकी असून कमी का वाहते? कारण ती लांब, निमुळती आहे आणि हवा कापत जाते. ताकदीपेक्षा आकाराला इथे जास्त मार्क मिळतात.

मग मॅग्नम घेतली तर? ती आणखी सपाट जाईल, हे खरं. पण तिचा खांद्याला बसणारा धक्का क्रीडमूरच्या दुपटीच्या घरात जातो. दिवसभरात शंभर शॉट मारायचे तर पन्नासाव्या शॉटला शरीर आधीच घाबरायला लागतं, डोळे मिटतात आणि बोट ट्रिगर ओरबाडतं. शिवाय त्या ढीगभर दारूच्या आगीने बॅरलचा घसा जळतो. .३०८चं बॅरल चार-पाच हजार शॉट सहज चालतं. मोठ्या मॅग्नमचं त्याच्या निम्म्याच्याही आत थकायला लागतं. म्हणूनच अमेरिकेत प्रिसिजन रायफलच्या स्पर्धांत वरच्या नंबरातले लोक मॅग्नम नाही, तर ६ मिलिमीटरची छोटी काडतुसं घेऊन उतरतात. धक्का इतका कमी, की आपलीच गोळी कुठे लागली ते दुर्बिणीतून स्वतः बघता येतं आणि पुढचा शॉट दुरुस्त करता येतो. गेममध्ये हे कुणी सांगत नाही.

शिकारीचं प्रकरण वेगळं. इथे मी थोडी अडखळते, कारण मला शिकार पटत नाही आणि आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंदच आहे. पण जिथे ती कायदेशीर आहे तिथे काडतुसाची निवड हा हौसेचा नाही, जबाबदारीचा प्रश्न मानला जातो आणि हे मला मान्य करावंच लागतं. जर्मनीत छोट्या हरणासाठी गोळीत १०० मीटरवर किमान १००० ज्यूल ऊर्जा उरली पाहिजे, मोठ्या जनावरांसाठी किमान ६.५ मिलिमीटरची गोळी आणि २००० ज्यूल, असा कायदाच आहे. नॉर्वेत मोठ्या जनावराच्या शिकारीला जायचं तर दरवर्षी नेमबाजीची परीक्षा पास व्हावी लागते. कारण उघड आहे. चुकीच्या गोळीने जनावर मरत नाही, जखमी होऊन झाडीत जातं आणि तिथे दोन दिवस तडफडतं. गंमत म्हणजे टार्गेटवर सगळ्यात अचूक लागणारी मॅच गोळी शिकारीला बहुतेकदा अयोग्य ठरते. ती अंगात कशी फुटेल याचा भरवसा नसतो. शिकारीची गोळी ठरल्याप्रमाणे फुलावी अशी बनवलेली असते. ‘सगळ्यात चांगलं काडतूस कोणतं?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. ‘कशासाठी?’ हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आणि इथेही ‘मोठं ते भारी’ टिकत नाही. जिम कॉर्बेट आठवतो ना? १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्याला .२७५ रिग्बी भेट दिली. ७ मिलिमीटरची, हलकी, आजच्या मॅग्नमवाल्यांना किरकोळ वाटेल अशी रायफल. त्याच्याकडे जड दुनळी एक्सप्रेसही होती, पण डोंगर चढून दिवसच्या दिवस माग काढायचा तर हातात काय पेलतं आणि नेम कशाने बसतो, हे त्याला ठाऊक होतं.

आपल्याकडे मात्र काडतूस निवडायचं काम बराच काळ सरकारनेच केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी .४५० बोअरच्या काडतुसांवर हिंदुस्थानात बंदी घातली. भीती ही, की त्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडून जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्रीत चालतील. मग बंदुकवाल्या कंपन्यांनी .४६५, .४७० अशी नवी काडतुसं काढली. हत्ती-वाघांना फरक काय पडणार होता? कारण सगळं राजकीय. फौजेची थ्री-नॉट-थ्री सामान्य माणसाला बंद, म्हणून .३१५ आलं, आणि ते स्वातंत्र्यानंतरही आपल्या सरकारी कारखान्यांत बनत राहिलं. त्याच्या पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ कोरलेलं दिसतं. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली पुण्याची खडकी. लोकलने रोज त्या स्टेशनावरून जाणाऱ्यांना हे माहीत असेल का, कुणास ठाऊक.

म्हणजे मापाने रायफल शिवून घेण्याची चैन आपल्याला नाही. मग हे सगळं तुम्हाला का सांगतेय? कारण आपल्याकडेही हजारो पोरंपोरी रायफल हातात घेतात. एनसीसीत, जिमखान्यात, तालुक्याच्या गावात एखाद्या हॉलमध्ये उभारलेल्या दहा मीटरच्या रेंजवर. आणि हीच चूक तिथेही होते.

स्वप्नील कुसाळेचं पदक आठवा. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स, ४५१.४ गुण, ब्राँझ. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा. शिक्षक असलेल्या वडिलांनी त्याच्या गोळ्यांसाठी कर्ज काढलं होतं, हे तेव्हा सगळीकडे छापून आलं. आपण ते वाचून ‘किती तो त्याग’ म्हणालो आणि पुढे स्क्रोल केलं. मला तेव्हा एक गोष्ट कळली नव्हती. कर्ज गोळ्यांसाठी का? रायफलसाठी का नाही?

तर त्या प्रकारात .२२ची छोटी काडतुसं लागतात, ४० ग्रेनची गोळी, आवाजाच्या वेगापेक्षा जरा कमी वेगाने जाणारी. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं. एकाच कंपनीची, एकाच नावाची, एकाच किमतीची काडतुसं असली तरी प्रत्येक लॉट वेगळा निघतो आणि प्रत्येक बॅरलला वेगळाच लॉट रुचतो. म्हणून बडे खेळाडू एली, लापुआ, आरडब्ल्यूएससारख्या कंपन्यांच्या चाचणी रेंजवर रायफल घेऊन जातात, ती शिकंज्यात अडकवतात, दहा-दहा शॉट मारून वेगवेगळे लॉट तपासतात आणि जो सगळ्यात घट्ट ग्रुप देतो त्याचे खोकेच्या खोके उचलतात. शिकंजात अडकवलेली रायफल कधी घाबरत नाही, त्यामुळे चूक कुणाची ते लगेच कळतं. ज्याला हे परवडत नाही, तो मिळेल त्या लॉटवर सराव करतो आणि नऊ लागला की स्वतःला दोष देतो.

माझी एक मैत्रीण एअर रायफल खेळते. दीड वर्ष तिचा स्कोअर एका जागी अडकला होता. घरच्यांनी सोनं मोडून नवी परदेशी रायफल घ्यायची ठरवली. क्लबमध्येही सगळे म्हणाले, रायफलच बदल. पेलेटच्या डब्या मात्र क्लबात येतील तशा यायच्या. आज ही कंपनी, उद्या ती. मग एका सीनियर ताईने तिची जुनी रायफल शिकंज्यात लावली आणि चार वेगवेगळ्या डब्या मारून बघितल्या. पेलेट ४.५ मिलिमीटरचे असतात असं आपण म्हणतो, पण डब्यांवर डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ असं वेगळं छापलेलं असतं. कागदावर एका डबीचा ग्रुप पसरट लागला, दुसरीच्या पाचही गोळ्या जणू एकाच भोकातून गेल्या. त्या प्रकारात दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो आणि गुण दशांशात मोजतात. दर शॉटला ०.१ वाढला तर साठ शॉटला ६ गुण. सोनं कपाटातच राहिलं.

म्हणून कॉलेजच्या जिमखान्यांना आणि क्लबांना माझं सांगणं आहे, एकेक खोका सुटा आणू नका. हंगामाच्या सुरुवातीला तीन-चार लॉटचे थोडे नमुने मागवा, प्रत्येक रायफलवर एक दिवस तपासा आणि मग वर्षाचा साठा एकदम घ्या. नव्या रायफलसाठी पैसे मंजूर होत असतील तर त्यातला थोडा वाटा यासाठी काढून ठेवा. शिकंजा एकदाच घ्यावा लागतो. आणि हा पर्याय मुलांना पहिल्याच महिन्यात सांगा, कर्ज काढून झाल्यावर नको. ‘पोरं आधी नेम तर शिकू देत’ असं कोच म्हणतील. बरोबरच आहे. पण डबी रोज बदलत असेल तर नेम चुकला की डबी चुकली, हे त्या पोराला कळणार कसं?

तुमच्या रेंजवर उद्या गेलात तर डबीवरचं माप आणि लॉट नंबर वाचा आणि कागदासोबत लिहून ठेवा. माझ्या मैत्रिणीने तिच्या रायफलच्या केसच्या आत मार्करने लिहून ठेवलंय: ‘४.४९ लागतं. दुसरं कुणी दिलं तर घेऊ नकोस.’