तुकडी बलाढ्य, पण कोणत्या मापाने?

नॅशनल हॉकी लीगच्या (एनएचएल) ड्राफ्टमधील सर्वांत बलाढ्य तुकडी कोणती, या प्रश्नाचे ठरलेले उत्तर २००३ असे आहे. फॅन्टसी हॉकी खेळणाऱ्यांनी मात्र ते जसेच्या तसे स्वीकारू नये. या खेळात प्रत्यक्षातील खेळाडूंचा कागदावर संघ बांधायचा असतो आणि बर्फावरील त्यांच्या गोल, असिस्ट, बचाव अशा आकड्यांवर गुण मिळतात. खेळाडू वर्षानुवर्षे राखण्याची मुभा असलेल्या स्पर्धांत आगामी ड्राफ्टमधील निवडीच्या हक्कांचीही देवघेव चालते. ‘येणारी तुकडी २००३सारखी आहे’ एवढ्या बोलबाल्यावर हातचा मोहरा गमावला जातो. म्हणून ही तुलना केवळ गप्पांचा विषय राहत नाही.

२००३च्या तुकडीचा लौकिक निराधार नाही. पहिल्या फेरीतील तीसही खेळाडू एनएचएलमध्ये उतरले. एरिक स्टाल (दुसरा), रायन गेट्झलाफ (१९वा), पॅट्रिस बर्जरॉन (४५वा) आणि जो पॅव्हेल्स्की (२०५वा) यांनी कारकिर्दीत हजार गुणांचा टप्पा ओलांडला. तिचे बळ खोलीत होते. पण फॅन्टसीत नेमकी खोलीच कमी मोलाची ठरते. बारा संघांच्या स्पर्धेत प्रत्येकी वीस खेळाडू धरले तर २४० जणच उपयोगी पडतात. आठशे सामने निष्ठेने खेळलेला तिसऱ्या फळीतील खेळाडू क्लबला हवासा असतो, फॅन्टसीत त्याला कोणी विचारत नाही. बर्जरॉनने सर्वोत्तम बचावात्मक आघाडीपटूचा सेल्के करंडक सहा वेळा पटकावला. त्या गुणवत्तेची दखल फॅन्टसीचे तक्ते क्वचितच घेतात.

याच्या उलट उदाहरण २०१२चे. अव्वल निवड ठरलेल्या नेल याकुपोव्हची एनएचएल कारकीर्द १३६ गुणांवर आटोपली आणि तुकडीवर ‘दुबळी’ असा शिक्का बसला. परंतु त्याच वर्षी गोलरक्षक आंद्रेई वासिलेव्स्की १९वा, तर कॉनर हेलेबक १३०वा निवडला गेला. हेलेबकने २०२०, २०२४ व २०२५मध्ये सर्वोत्तम गोलरक्षकाचा वेझिना करंडक मिळवला. भरवशाचे गोलरक्षक मोजकेच असल्याने फॅन्टसीत असा एक खेळाडू अनेक मध्यम आघाडीपटूंना भारी पडतो. दुबळी म्हणवलेली तुकडी येथे तितकी दुबळी उरत नाही.

काळाचा फरकही विसरता येणार नाही. १९८१-८२च्या हंगामात सामन्यागणिक सरासरी आठ गोल होत. २००३-०४मध्ये ते पाचाच्या आसपास आले. त्यामुळे १९७९च्या तुकडीतील मार्क मेसियरचे १,८८७ गुण आणि पॅव्हेल्स्कीचे हजारावरचे गुण एकाच तराजूत घालणे अन्यायाचे आहे. शिवाय २००४-०५चा हंगाम टाळेबंदीमुळे रद्द झाल्याने २००३च्या तुकडीचे उमेदीचे एक वर्ष वाया गेले.

निकाल किती लवकर लावावा, हा उरलेला प्रश्न. २०१५च्या तुकडीत कॉनर मॅकडेव्हिड पहिल्यापासूनच तळपला; पण १३५व्या क्रमांकाचा किरिल काप्रिझोव्ह एनएचएलमध्ये उतरला तो २०२१च्या जानेवारीत, आणि त्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित ठरला. पाच वर्षांनी हिशेब मांडणाऱ्याच्या वहीत त्याच्यापुढे शून्यच असते.

तेव्हा एकूण गुणांची बेरीज करण्याऐवजी तुकडीतील किती खेळाडू किती हंगाम पहिल्या २४०मध्ये राहिले, हे मोजणे अधिक न्याय्य ठरेल. त्यात प्रत्येक हंगामाची तुलना त्याच हंगामातील इतरांशी होते आणि गोलरक्षकांनाही रास्त स्थान मिळते. एवढे करूनही हे माप भूतकाळाचेच राहील. अठरा वर्षांच्या मुलांच्या तुकडीला ड्राफ्टच्याच दिवशी २००३ची उपमा देणाऱ्याकडे असे मोजण्याजोगा एकही हंगाम नसतो. त्या उपमेची किंमत हातच्या खेळाडूने चुकवण्यापूर्वी एवढा विचार व्हायलाच हवा.