रुग्णालयांचे संरक्षण आणि सातपुड्यातील उपकेंद्र

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात रुग्णाच्या नातेवाइकांनी एका तरुण निवासी डॉक्टरास एवढी मारहाण केली की त्याच्या डोळ्यास गंभीर इजा झाली. राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयात पोचले, आणि शासनाने राज्य सुरक्षा महामंडळाचे ११०० जवान रुग्णालयांत नेमण्याचे आश्वासन दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील निर्घृण घटनेनंतर हेच चक्र देशपातळीवर फिरले. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमले; केंद्राने आपल्या रुग्णालयांतील सुरक्षा कर्मचारी २५ टक्क्यांनी वाढविण्यास मान्यता दिली.

या खर्चास कोणी विरोध करणार नाही. परंतु तो कोठे पोचतो, हे पाहिले पाहिजे. जेथे काम बंद करून सरकारला जागे करता येते, तेथे पहारेकरी येतो. अक्राणी तालुक्यातील एखाद्या पाड्यालगतच्या उपकेंद्रात रात्री एकटी राहणारी आरोग्यसेविका कोणाच्या बळावर संप करणार?

मग प्रत्येक उपकेंद्राला पहारेकरी द्यावा काय? थोडा हिशेब करू. चोवीस तासांच्या पहाऱ्यास तीन पाळ्या लागतात; साप्ताहिक सुटी व रजा धरता माणसे चार. आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा दंडक आहे. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात होती व त्यात सुमारे ६९ टक्के आदिवासी होते. उपकेंद्रे तीनशेच आहेत असे समजून चालले, तरी १२०० माणसे लागतील. म्हणजे २०१७ मध्ये सबंध राज्यासाठी जेवढी कबूल केली त्यांहून अधिक! हे होणे नाही, आणि होण्याची आवश्यकताही नाही. तेथे हवे आहे ते निराळेच: राहण्याजोगे निवासस्थान, कुंपणभिंत, रात्रभर टिकणारा सौरदिवा, संपर्काचे खात्रीचे साधन आणि सोबतीला दुसरी कर्मचारी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्चावयास ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली, तीत इमारत नसलेल्या उपकेंद्रांचाही समावेश होता. निवास व भिंत यांवाचून इमारत पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये, एवढी अट तरी जिल्हा परिषदेला घालता येईल.

दुसरा दोष भांडवली व आवर्ती खर्चाच्या फारकतीचा. मार्चअखेर कॅमेरे खरेदी करणे सोपे. ते चालू ठेवणाऱ्या माणसाचा पगार व दुरुस्ती यांस मात्र तरतूद नसते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या रुग्णालयात अकरा रुग्ण. सुरक्षेच्या निधीत अग्निशमन आणि वीजतारांची निगा धरली जात नसेल, तर दाराशी उभा पहारेकरी काय करणार?

कायद्याचे म्हणाल, तर तो २०१० पासून आहेच: तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास हजारांपर्यंत दंड. कायदा तिजोरीस स्वस्त पडतो, म्हणून तो लवकर होतो. रिकामी पदे भरणे महाग असते. बांबूच्या झोळीतून बाळंतिणीला कित्येक मैल डोंगर उतरवून आणावे आणि तेथे डॉक्टर नाही, नंदुरबारला न्या, असे ऐकावे. त्या क्षणीचा संताप हल्ल्याचे समर्थन खचित नव्हे, पण हल्ल्याचे कारण मात्र असतो. तो झेलावा लागतो हजर असणाऱ्यालाच. गैरहजर असणारा सुरक्षित राहतो.

सबब जिल्हा वार्षिक योजनेत सुरक्षेचे शीर्ष औषधांच्या तरतुदीतून कापून निर्माण करू नये. त्यात निगा-दुरुस्तीचा भाग बांधून द्यावा, आणि पहिली रक्कम अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील उपकेंद्रांकडे वळवावी. नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची पाळी त्यानंतर आली तरी चालेल; तेथे रात्री निदान हाकेला ओ देणारे कोणी असते.